नागपूरच्या थंडीत परसातलं खुराडं कसं सांभाळायचं

नागपुरात परसातलं खुराडं बहुतेक वेळा उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेलं असतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणून चारही बाजूंना जाळी आणि वर पत्रा. तेच खुराडं डिसेंबरात त्रास देतं. दिवसा २७-२८ अंश आणि पहाटे ७-८, हा फरक इथे दर हिवाळ्यात दिसतो. २९ डिसेंबर २०१८ ला तर किमान तापमान ३.५ अंशांवर उतरलं होतं. तरीही पूर्ण पिसं आलेली, अंगाने कोरडी कोंबडी ही थंडी काढते. तिच्या शरीराचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं आणि पिसांत अडकलेली हवा ते टिकवून धरते. वाऱ्याने पिसं विस्कटली किंवा ओलीने चिकटली की ही हवा निघून जाते, आणि मग तीच कोंबडी १२ अंशांतही कुडकुडते.

म्हणून करायचं ते एवढंच: कोंबडी बसते त्या उंचीवर वारा लागू द्यायचा नाही, आणि खुराड्यातली दमट हवा वरच्या फटीतून बाहेर जाऊ द्यायची. ऊब राहावी म्हणून खुराडं सगळीकडून प्लॅस्टिकने गुंडाळणं फार घातक आहे. रात्रभराच्या श्वासाची वाफ आणि विष्ठेतला अमोनिया आतच कोंडतो, आणि आठ-पंधरा दिवसांत कोंबड्या शिंकायला, घरघरायला लागतात. मालकाला वाटतं थंडी बाधली. बाधलेली असते कोंदट हवा.

खालची मापं दहा कोंबड्यांसाठीच्या ४ बाय ६ फुटांच्या खुराड्याची आहेत. लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाची, उंची मागे उत्तरेला ४ फूट, पुढे दक्षिणेला ५ फूट. दिवसा कोंबड्या बाहेर फिरतात असं गृहीत धरलं आहे.

पडदे

हिवाळ्यात इथे वारा मुख्यतः उत्तर आणि ईशान्येकडून येतो. उत्तरेची बाजू हंगामभर झाकलेली ठेवा, पूर्व-पश्चिमेचे पडदे रात्री लावा, दक्षिण दिवसा मोकळी. डिसेंबरअखेरीस दुपारचा सूर्य दक्षिणेला साधारण ४५ अंशांवर असतो. पत्रा पुढे १ फूट आलेला असेल तर सावलीही १ फूटच खाली उतरते, बाकीचं ऊन थेट आत जातं. हे ऊन फुकटचं औषध आहे. तळाला पसरलेली तुसाची गादी वाळते आणि जंतूही कमी होतात.

पडद्याला बारदाना उत्तम. तो वारा अडवतो आणि वाफ थोडी जाऊ देतो. प्लॅस्टिकच्या आतल्या अंगाला पहाटे पाणी धरतं. कळमना किंवा इतवारीत जुनी पोती मिळतात. शंभर किलोचं पोतं उसवलं की साधारण साडेतीन बाय सव्वाचार फुटांचं कापड निघतं. अशी दोन शेजारी-शेजारी शिवली की उत्तरेची बाजू झाकली जाते. चारही बाजूंना मिळून सहा-सात पोती लागतात. ज्या पोत्यात कीटकनाशक किंवा औषध लावलेलं बियाणं होतं ते घेऊ नका, कोंबड्या धागे टोचून खातात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पडदा वर खिळून खाली सोडू नका. तसा पडदा वाऱ्याने खालून उचलला जातो आणि थंड झोत थेट कोंबड्यांच्या पोटाला लागतो. पडद्याची खालची कड पट्टी ठोकून तळाशी पक्की करा, जमिनीकडे सहा इंच जास्तीचं कापड सोडा. वरच्या कडेत बांबूची काठी ओवा, तिला दोन दोऱ्या बांधा आणि त्या छताजवळच्या कड्यांतून काढून बाहेर आणा. दोरी ओढली की पडदा वर चढतो, ढिली केली की वरून उघडतो. खालचा भाग कायम बंद राहतो. बाजूंना सहा-सहा इंच जास्त कापड घेऊन कोपरे एकमेकांवर चढवा. वारा शिरतो तो बहुधा कोपऱ्यातूनच.

पडदा पूर्ण ओढला तरी दक्षिणेला पत्र्याखाली सहा इंच आणि उत्तरेला दोन-तीन इंच जाळी उघडी राहिलीच पाहिजे. बसायची दांडी दीड फुटावर असेल तर कोंबडीचं डोकं पावणेतीन-तीन फुटांवर येतं, त्यामुळे या फटींचा वारा तिच्या डोक्यावरून जातो. पडदे संध्याकाळी पाचच्या सुमारास लावा, सकाळी ऊन पडल्यावर आठ-साडेआठला उघडा. पडद्याने फक्त वारा अडतो. मांजर, मुंगूस आणि उंदरांसाठी आत अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी हवीच.

खुराडं पायांवर उभं असेल तर खालून येणारा वाराही अडवा. उत्तरेला तीन-चार फूट अंतरावर खुराड्याएवढ्या उंचीचा तुराट्यांचा कुड घातला तर फार फरक पडतो. तो थोडा विरळ असलेलाच बरा, कारण भरीव आडोशाला आपटलेला वारा वरून उलटून मागे पडतो. यंदाची तूर निघेपर्यंत पौष उजाडतो, म्हणून गेल्या वर्षीच्या तुराट्या राखून ठेवा. पऱ्हाट्या टाळा, त्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि शेजारच्या कपाशीला त्रास होतो.

पत्रा आणि गादी

निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो. कोंबड्यांच्या श्वासाची वाफ त्याला खालून लागते आणि पहाटे थेंब गादीवर पडतात. पत्र्यावर तीन इंच तणीस (धानाचा पेंढा) पसरून दोरीने बांधा, किंवा पत्र्याखाली दोन इंच जागा सोडून बांबूचा तट्टा लावा. थर्माकोल उघडा लावला तर कोंबड्या तो टोचून खाऊन टाकतात.

गादीसाठी धानाचं तूस घ्या. मौदा-रामटेककडच्या राईस मिलमधून ते सहज मिळतं. हिवाळ्यात थर पाच इंचांचा हवा; आपल्या मापाला सुमारे दहा घनफूट, म्हणजे तीसेक किलो लागतं. सोयाबीनचं कुटार स्वस्त पडतं, पण ओल धरलं की लगेच बुरसतं, आणि त्या बुरशीने कोंबड्यांची फुप्फुसं खराब होतात. गादी एक दिवसाआड खालीवर करा. मूठभर तूस दाबून बघा: मूठ उघडल्यावर भुगा मोकळा झाला तर ठीक, लाडू तसाच राहिला तर गादी ओली आहे. ओला भाग काढून नवं तूस घाला. चुना मिसळायचा तर सकाळी, कोंबड्या बाहेर सोडल्यावर. चुन्याने आधी अमोनिया उसळतो.

खरी परीक्षा पहाटे होते. पडदे उघडण्याआधी दार किलकिलं करून कोंबडीच्या उंचीवर उकिडवे बसा आणि वास घ्या. डोळे चुरचुरले तर वरची फट दोन इंच वाढवा आणि गादी तपासा.

बसायला दोन इंच रुंदीची लाकडी दांडी, कडा घासून गोल केलेली. चपट्या दांडीवर बसलेल्या कोंबडीचं पोट बोटांवर येतं आणि बोटं झाकली जातात. लोखंडी पाइप पायांतली ऊब ओढून घेतो. दर कोंबडीला आठ ते दहा इंच, भिंतीपासून एक फूट दूर.

खाणं, पाणी, उजेड

थंडीत कोंबडी जास्त खाते. सूर्यास्ताच्या तासभर आधी दर कोंबडीला १५-२० ग्रॅम ज्वारी किंवा मक्याचा भरडा द्या; रात्रभर तो पचत राहतो आणि ऊब देतो. त्याहून जास्त दिलात तर प्रथिनं कमी पडून अंडी घटतात. सकाळी पाणी कोमट द्या. रात्री पाण्याचं भांडं आत ठेवू नका, सांडलं की गादी भिजते.

डिसेंबरात अंडी कमी होण्याचं मोठं कारण लहान दिवस हे आहे. उजेड जेमतेम ११ तास मिळतो, अंड्यांसाठी १४ तास लागतात. पहाटे चारला लागणारा छोटा एलईडी दिवा पुरतो. संध्याकाळी लावला तर तो विझताच कोंबड्या अंधारात दांडी शोधत बसतात.

मोठ्या कोंबड्यांना गरम बल्बची गरज नाही. पिल्लांना मात्र आहे: पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश, पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी. वीस पिल्लांना ६० वॅटचे दोन तारेचे बल्ब लावा, एलईडीने ऊब मिळत नाही. दोन यासाठी, की एक उडाला तरी दुसरा राहतो. पिल्लं बल्बखाली एकावर एक चढली तर थंडी वाजते आहे, लांब पळाली तर उकडतं आहे, एकाच कोपऱ्यात गोळा झाली तर समोरच्या बाजूने वारा येतो आहे. बल्ब साखळीने टांगा आणि त्याला जाळीची टोपी घाला. बारदाना आणि तूस पटकन पेट घेतात. कोळशाची शेगडी आत कधीही ठेवू नका, तिच्या विषारी वायूने रात्रीतून सगळी पिल्लं मरतात.

फेब्रुवारीच्या मध्यात पडदे उतरवायला हरकत नाही, पण दक्षिण-पश्चिमेला ताडपत्री हाताशी असू द्या. विदर्भात अवकाळी पाऊस आणि गारपीट याच सुमारास होते. पडदे कडक उन्हात दोन दिवस वाळवून, उंदीर पोचणार नाहीत असे टांगून ठेवा. जुनी गादी झाडांना लगेच घालू नका. दोन-तीन महिने कुजवून मग घाला, ताजी विष्ठा मुळं जाळते.