जुन्या ट्रॅक्टरला वॉटर पेपर आणि बफिंग: या चुका टाळा

बी-275 असो की मॅसी 1035, डेंटिंग-पेंटिंग झालेलं बोनेट उन्हात तिरकं पाहिलं की रंगावर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा दिसतो. तो वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा बारीक सँडपेपर) आणि बफिंगने (मशीनच्या पॅडने पॉलिश करण्याने) जातो. पण दोन-तीन हात मारलेला पीयू क्लिअर (रंगावरचा पॉलीयुरेथेनचा पारदर्शक थर) वाळल्यावर साधारण 40 ते 60 मायक्रॉनच उरतो, म्हणजे केसाच्या जाडीएवढा. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ हा हिशेब विसरण्यात आहे.

पहिली चूक पोचे भरायच्या पुट्टीच्या वेळीच होते. पुट्टी पाणी शोषते. तिच्यावर पाणी टाकून घासलं आणि लगेच रंग मारला की ओल आत अडकते, पत्रा गंजतो आणि पुढे उन्हात फोड येतात. पुट्टी कोरडीच घासा, 180 आणि मग 320 नंबरच्या पेपरने (नंबर मोठा तेवढा पेपर बारीक), आणि वर एपॉक्सी प्रायमर मारा. पाणी लावायचं ते शेवटच्या थराला.

तो थर आधी पुरता वाळू द्या. हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) घातलेल्या पीयूला उन्हाळ्यात किमान एक दिवस, थंडी-पावसाळ्यात दोन-तीन दिवस लागतात. आतल्या बाजूला नख दाबून पाहा. खूण उमटली तर थांबा. कच्च्या रंगाने पेपर जाम होतो. शिवाय थिनर नंतर उडून रंग आक्रसतो आणि घासल्याच्या रेघा पुन्हा वर येतात. हार्डनर नसलेला सिंथेटिक इनॅमल हवेतल्या ऑक्सिजननेच हळूहळू कडक होतो, त्याला महिनाभर द्या. क्लिअर नसलेल्या मेटॅलिक (धातूचे चमकते कण असलेल्या) रंगाला पेपर लावूच नका, डाग पडतात.

पेपर 15 मिनिटं भिजवा, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका. बोटांनी दाबून घासलं तर बोटांच्याच नाळ्या पडतात, म्हणून रबरी ब्लॉक हवाच. 1000 चा पेपर फक्त ओघळ आणि धुळीच्या कणांपुरता वापरा. बाकी 1500, 2000, 3000. नंबर बदलला की पाणी बदला आणि घासायची दिशाही बदला, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. जमिनीवर पडलेला पेपर फेकून द्या. त्याला चिकटलेला वाळूचा एक कण अख्ख्या बोनेटवर ओरखडे पाडतो.

दर थोड्या वेळाने रबरी वायपरने पाणी ओढून पाहा. मंद पृष्ठभागावर चमकणारे ठिपके म्हणजे अजून राहिलेले खड्डे. सगळे काढायच्या नादात थर संपतो. तुरळक राहिले की थांबलेलं बरं. क्लिअर असेल तर घासताना पाणी दुधाळ होतं. त्याला लाल किंवा निळी झाक आली की क्लिअर संपला, हात उचला.

सगळ्यात जास्त काम बिघडतं ते कडांवर. बोनेटची घडी, जाळीच्या फटी, मडगार्डची दुमडलेली कड इथे रंग मुळातच पातळ बसतो आणि पेपरचा सगळा दाब तिथेच येतो. तिथे मास्किंग टेप लावा. टेप काढल्यावर तेवढा भाग 3000 ने हलक्या हाताने घासून घ्या.

अँगल ग्राइंडरला लोकरीचं पॅड लावून बफिंग कधीच करू नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेतो. बफिंगला 1000 ते 1500 पुरतात. ग्राइंडरच्या उष्णतेने रंग क्षणात जळतो आणि जळलेली जागा कोणतंही कंपाउंड (बफिंगची घासणारी पेस्ट) झाकत नाही. मग भाग 800 ने घासून पुन्हा रंगवणं हाच उपाय. स्पीड कमी-जास्त करता येणारं मशीन घ्या. दोन फूट चौकोनापुरतं कंपाउंड लावा, ते सुकायच्या आत फिरवा आणि मशीन सतत हलतं ठेवा. पत्रा हाताला गरम लागला की थांबा. पॅड कडेवरून बाहेरच्या बाजूला फिरलं पाहिजे, कडेवर चढता कामा नये. आजूबाजूला पाणी सांडलेलं असतं, म्हणून वीज ईएलसीबीमधूनच (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा ब्रेकर) घ्या.

लोकरीच्या पॅडने गोल रेघा राहतात. त्या फोम पॅड आणि बारीक पॉलिशने जातात. पॉलिशमधलं तेल रेघा लपवतं, त्यामुळे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच उन्हात तपासा.

गिअरबॉक्स हाउसिंग आणि इंजिन ब्लॉकला मात्र यातलं काहीच नको. ओतीव लोखंडाचे उंचवटे घासले की तिथला रंग जातो आणि गंज तिथूनच सुरू होतो. स्टिकर बफिंगनंतर लावा, मेण महिन्याने.