मुंबईच्या उन्हाळ्यात लहानग्यांना घेऊन बाहेर कसं पडावं

मे महिन्यात मुंबईचा पारा विदर्भासारखा चव्वेचाळिशीला जात नाही, ३३-३४ अंशांवर थांबतो. पण हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. खेळाच्या नादात तहान लागल्याचंही ती सांगत नाहीत. या धास्तीनं कितीतरी घरांत दोन-चार वर्षांची मुलं एप्रिलपासून जूनपर्यंत एसी आणि मोबाईलच्या हवाली होतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बहावा फुललेला, बाजारात करवंदं आलेली, समुद्रावर पहाटेचा वारा असलेला असा हा काळ वर्षातून एकदाच येतो.

दोन ते पाच वर्षांच्या मुलाला मोठी सहल लागतच नाही. बस, होडी, भाजीबाजार, ओली वाळू, यांतली एक गोष्ट एका दिवसाला भरपूर झाली. बेत लहान ठेवा आणि वाटेलाही सहलीचाच भाग माना, की उन्हाळा सुसह्य होतो. बाकी सगळं तपशिलाचं काम आहे, ते पुढे क्रमानं देते.

१. आधी वेळ ठरवा, मग जागा

आपण सहसा उलटं करतो. जागा ठरते, मग घरातल्या सगळ्यांचं आवरेपर्यंत अकरा वाजतात आणि भर उन्हात मूल कडेवर घेऊन आपण रिक्षा शोधत फिरतो. मे महिन्यात मुंबईत सहाच्या सुमारास उजाडतं आणि सूर्य मावळायला सात वाजून जातात. म्हणजे सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेपाचनंतर, असे दोन चांगले तुकडे हाताशी असतात. त्यात बसेल तेवढंच करा. येण्याजाण्यात तास-दीड तासापेक्षा जास्त वेळ जात असेल तर ती जागा थंडीसाठी राखून ठेवा.

रविवारी लोकलनं जाणार असाल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉकची बातमी बघा. पाच वर्षांखालच्या मुलाला लोकलचं तिकीट लागत नाही, पण ब्लॉकमुळे फलाटावर अर्धा तास उभं राहावं लागलं तर त्याचा निम्मा उत्साह तिथेच संपतो.

२. पिशवी रात्रीच भरा

पाण्याच्या दोन बाटल्या घ्या, एक प्यायला आणि एक हातपाय धुवायला. ओला करून पिळलेला सुती पंचा डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा आणि निघताना पिशवीत टाका. मान, बगला आणि पाय पुसायला यापेक्षा चांगलं काही नाही. टोपी, एक जादा कपड्यांचा जोड, ओआरएसचं एक पाकीट आणि थोडं खाणं. खाण्यात कुरमुरे, केळं, काकडीचे तुकडे असं साधं असावं. उन्हात चॉकलेट वितळतं आणि तळलेल्या वेफर्सनी तहान वाढते.

कपडे सुती, सैल आणि फिक्या रंगाचे. घामोळ्यांवर पावडरीचा थर देऊ नका, तो घामात भिजून घड्यांमध्ये साचतो. दोन वेळा साध्या पाण्यानं आंघोळ आणि अंग नीट टिपून कोरडं करणं, एवढं बहुतेक वेळा पुरतं. आणि एक काम न चुकता करा: तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी मुलाच्या खिशात ठेवा. चौपाटीवर रविवारी गर्दीत हात सुटायला क्षणभर पुरतो.

बाबागाडी नेत असाल तर ऊन लागू नये म्हणून तिच्यावर चादर किंवा दुपट्टा पूर्ण झाकू नका. आत हवा कोंडते आणि बाहेरच्यापेक्षा जास्त तापते. गाडीची छत्री पुढे ओढा, बाजू मोकळ्या ठेवा.

३. चौपाटी: तिथी बघून जा

जुहूला किंवा घराजवळच्या कुठल्याही वाळूच्या किनाऱ्यावर लहान मुलाबरोबर जाण्याची खरी वेळ सकाळच्या ओहोटीची. ती कधी हे भिंतीवरच्या कालनिर्णयातून कळतं. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे चतुर्थीला ती सकाळी नवाच्या आसपास येते. अमावास्या-पौर्णिमेला पहाटे सहाच्या आसपास, आणि पुढे रोज पाऊण-एक तास उशिरा. थोडक्यात, पौर्णिमा किंवा अमावास्येपासून चतुर्थीपर्यंतच्या सकाळी आपल्या कामाच्या. पक्की वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून घ्या.

पाणी मागे गेलं की ओल्या वाळूवर मोहरीपासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराच्या वाळूच्या गोळ्या दिसतात, मधल्या एका बारीक भोकाभोवती ओळींनी मांडलेल्या. त्या छोट्या खेकड्यांनी केलेल्या असतात. खेकडा वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं बारीकसारीक अन्न खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. पाऊल वाजलं की सगळे एकदम बिळात जातात. मुलाला मांडीवर घेऊन तिथेच बसा, पाय हलवू नका, बोलू नका. थोड्याच वेळात आधी एका बिळाच्या तोंडाशी हालचाल होते, मग दुसऱ्या, आणि बघता बघता अख्खी वाळू चालू लागते. एरवी एका जागी न टिकणारी मुलं इथे श्वास रोखून बसतात. आमची लेक 'आता येईल' असं माझ्या कानात कुजबुजत राहते आणि खेकडा आला की तोंडावर हात दाबून धरते.

पाण्यात मात्र उतरू देऊ नका. घोट्याएवढ्या लाटेतही पायाखालची वाळू सरकते आणि मुंबईचं किनाऱ्याचं पाणी स्वच्छ नसतं. निघताना दुसऱ्या बाटलीतल्या पाण्यानं हातपाय धुवा, मगच खायला द्या. बर्फाचा गोळा मुलं मागणारच. बर्फ कुठल्या पाण्याचा आहे ते आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून मी तो घरी करून देते: किसलेला बर्फ आणि कोकमाचं सरबत.

४. बसलाच सहल करा

हा सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात चांगला बेत. बेस्टच्या जुन्या डिझेलच्या डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये कायमच्या थांबल्या, पण त्याच वर्षी फेब्रुवारीपासून विजेवरच्या वातानुकूलित डबलडेकर धावू लागल्या आहेत. त्या दक्षिण मुंबईत सीएसएमटीच्या परिसरातून मिळतात. रविवारी सकाळी, जिथून बस सुटते त्या थांब्यावरच चढा, म्हणजे वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळते. शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि त्याच मार्गानं परत यायचं. कुठेही उतरून काही 'बघायचं' नाही.

वरून झाडांच्या फांद्या काचेजवळून जातात, सिग्नल डोळ्यांसमोर येतो, खालच्या टॅक्सींची टपं दिसतात. मुलाला कामाला लावा: लाल बस मोजायच्या, पिवळी फुलं शोधायची. एप्रिल-मे महिन्यात बहावा आणि सोनमोहर दोन्ही पिवळे, गुलमोहर लाल, ताम्हण जांभळा. ताम्हणाचं फूल आपल्या राज्याचं फूल आहे, हे चार वर्षांच्या मुलाला सांगितलं की ते फार मनावर घेतं. मे २०२५ पासून एसी बसचं किमान भाडं १२ रुपये आहे, तेव्हा परवडण्याचा प्रश्न येत नाही. फक्त वर जाताना-उतरताना जिन्यावर मूल तुमच्या पुढे नको आणि मागेही नको, हात धरून शेजारी हवं. बस थांबल्याशिवाय जिना उतरू नका.

५. पाच मिनिटांची होडी

घारापुरीचा बेत मी लहान मुलासाठी मे महिन्यात सुचवणार नाही. गेटवेवरून तासाभराचा जलप्रवास, मग शंभरावर पायऱ्या आणि लेणी बघेपर्यंत टळटळीत दुपार. लेणी सोमवारी बंदही असतात. त्यापेक्षा वर्सोव्याहून मढला जाणारी फेरी, मार्व्याहून मनोरीची किंवा बोरिवलीहून गोराईची धरा. खाडी ओलांडायला काही मिनिटं लागतात. लोक स्कूटर घेऊन होडीत चढतात, मासळीच्या टोपल्या येतात, इंजिन धडधडतं. मुलाला हेच हवं असतं. पलीकडे गेल्यावर कोळीवाड्याच्या कडेला बांबूंवर वाळत घातलेले बोंबील दिसले तर थांबा, वास घेऊ द्या, पण हात लावण्याआधी तिथल्या मावशींना विचारा. ते त्यांचं वर्षाचं उत्पन्न असतं. होडीत मुलाला काठावर बसवू नका, दोघा मोठ्यांच्या मध्ये बसवा.

६. राणीच्या बागेत एवढंच करा

भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आताचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ सालचं. बुधवारी बंद. सकाळी साडेनऊला उघडतं, म्हणजे आपल्या सोयीच्या वेळेत बसत नाही. म्हणून उघडताक्षणी आत शिरा आणि थेट पेंग्विनकडे जा. तिथे गारवा असतो आणि गर्दीही नंतरच वाढते. हे हंबोल्ट पेंग्विन २०१६ मध्ये आले आणि २०१७ पासून लोकांना बघता येऊ लागले. त्यानंतर सगळे पिंजरे पुरे करण्याच्या मागे लागू नका. बागेतली जुनी झाडं हीच खरी संपत्ती आहे. गोरखचिंचेचा बुंधा मुलाला कवेत घेऊन बघायला सांगा, सावलीत डबा खा आणि साडेअकराच्या आत बाहेर पडा.

कुठल्याही बागेतली लोखंडी घसरगुंडी वापरण्याआधी तिला आपल्या हाताची पालथी बाजू लावून बघा. आपल्याला चटका बसला तर मुलाच्या मांड्यांना नक्की बसेल.

७. ऊन लागतंय हे ओळखा

दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट पाणी, मागितलं नाही तरी. लघवी गडद पिवळी होणं, बराच वेळ न होणं, रडताना अश्रू न येणं, उगाच किरकिर किंवा एकदम गप्प पडणं, ही लक्षणं दिसली की बेत तिथेच संपवा. सावलीत बसवा, कपडे सैल करा, ओआरएस चमच्याचमच्यानं द्या. पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवायचं, बहुतेक मोठी पाकिटं एक लिटरची असतात. तयार केलेलं पाणी २४ तासांनंतर टाकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजानं घालू नका, जास्त झालं तर अपाय होतो.

अंग भाजल्यासारखं तापलं असेल, मूल गुंगीत असेल, बरळत असेल किंवा झटका आला तर १०८ ला फोन करा. तोवर साध्या पाण्यानं अंग भिजवत राहा आणि वारा घाला. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नका. आणि बंद गाडीत मुलाला 'दोन मिनिटांसाठी'ही ठेवू नका, काच थोडी खाली केली तरी नाही.

८. दुपार घरी, पण रिकामी नाही

सकाळी बाजारातून येताना ताडगोळे आणा. सोलायचं काम मुलाला द्या. वरची पिवळट साल नखानं सुटते, खाली पाणीदार गर दिसतो, आणि दाब जरा जास्त झाला की आतलं गोड पाणी थेट तोंडावर उडतं. हा खेळ मोरीत किंवा गॅलरीत. गर निसरडा असतो, म्हणून लहान मुलाला बारीक तुकडे करूनच द्या. जांभळाची बी काढून द्या.

आंब्याची पेटी घरात असेल तर रोज दुपारी ती उघडून एकेक आंबा हुंगायचा आणि पिकलेला वेगळा काढायचा, हे काम पूर्णपणे मुलाच्या हाती सोपवा. चुकलं तरी चालेल. गॅलरीत पक्ष्यांसाठी पाण्याचं पसरट भांडं ठेवा आणि रोज बदला, पाणी साचू दिलं तर डास होतात. टबमध्ये डुंबायला दिलंत तर हाताच्या अंतरावर बसून राहा आणि खेळ संपताच टब उपडा करा. भरलेली बादलीही लहान मुलाला धोक्याची असते.

९. मेच्या शेवटी

आवडलेली जागा मूल पुन्हा पुन्हा मागतं. न्या. दुसऱ्यांदा त्याला आधी न दिसलेलं दिसतं आणि तुमचीही तयारी निम्म्यावर येते. होडीचा बेत मात्र मे महिना सरायच्या आत उरका, पाऊस जवळ आला की समुद्र खवळतो आणि फेऱ्या बेभरवशाच्या होतात. संध्याकाळी आभाळ भरून वारा सुटला तर झाडाखालून आणि होर्डिंगखालून लगेच हला. वळवाच्या पहिल्या सोसाट्यात गुलमोहराच्या फांद्या सर्वांत आधी मोडतात. जवळचं दुकान किंवा इमारतीचा पोर्च गाठा, आणि घरी जाण्याची घाई न करता पाऊस थांबेपर्यंत तिथेच उभे राहा.