डेनट्रीला जाताय? या चुका टाळा

पहिली चूक तिकीट काढतानाच होते. नाताळची सुट्टी लागली की सिडनी-मेलबर्नची मराठी घरं उत्तर क्वीन्सलँडकडे, डेनट्रीच्या वर्षावनाकडे निघतात, आणि डिसेंबर ते मार्च तिथला ऐन पावसाळा असतो. डिसेंबर २०२३ मध्ये जास्पर चक्रीवादळाच्या पावसाने दरडी कोसळल्या आणि डेनट्रीच्या किनाऱ्यावरच्या केप ट्रिब्युलेशनचा रस्ताच बंद पडला. शिवाय साधारण नोव्हेंबर ते मे विषारी डंखाच्या बॉक्स जेलीफिशचा मोसम. जून ते ऑक्टोबरमध्ये जा.

मात्र ‘जेलीफिश नाहीत, चला पोहूया’ हे त्याहून वाईट. खाऱ्या पाण्यातल्या मगरी बारमाही असतात आणि त्या खाडी सोडून समुद्रातही फिरतात. मे २०१६ मध्ये थॉर्नटन बीचवर रात्री कमरेएवढ्या पाण्यात उतरलेल्या एका बाईला मगरीने ओढून नेलं. पाण्याच्या काठापासून निदान ५ मीटर लांब राहा. तिवरांच्या कडेला सेल्फी तर नकोच.

जेलीफिशचा डंख झालाच तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. ते अर्धा मिनिट तरी ओतत राहा आणि ००० या आणीबाणीच्या नंबरला फोन लावा. फोन लागला तर! डेनट्री नदीपलीकडे रेंज नावापुरतीच, म्हणून मदत मागायला जवळचं हॉटेल कुठे आहे ते आधीच बघून ठेवा. नकाशाही आधीच उतरवून घ्या.

नदीवर पूल नाही. तारेवरून ओढली जाणारी फेरी गाड्या पार नेते आणि ती मध्यरात्री बंद होते. केर्न्सहून एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट केलात, तर बघणं कमी आणि गाडी हाकणंच जास्त. पुढचा ब्लूमफील्ड ट्रॅक फोर-बाय-फोरचा आहे. भाड्याच्या साध्या गाडीचा विमा तिथे बहुधा चालत नाही, करार वाचा.

आता प्रवाळ. फोटोत जंगल थेट प्रवाळाला टेकलेलं दिसतं, आणि ते खोटं नाही. पण नद्यांच्या गाळाने किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ असतं. प्रवाळ नीट बघायचं तर बोटीनेच आत जायला हवं.

वाटेत कॅसोवरी (न उडणारा मोठा पक्षी) आडवा आला तर खायला घालू नका, पाठ फिरवून पळूही नका. पाठीवरची सॅक पुढे धरून हळूहळू मागे सरका. पिल्लांसोबत असेल तर गाडीतच बसून राहा.