एकदम दोन हँडगन घेताय? या चुका टाळा

फोन बहुतेक शनिवारी दुपारी येतो. माणूस बंदुकीच्या दुकानातच उभा असतो आणि आवाज दबका असतो. "अहो, दोन घेतल्या तर एटीएफला कळवावं लागेल म्हणतायत. एक आज घेतो, दुसरी थांबून घेऊ का?" एटीएफ म्हणजे अमेरिकेत बंदुकांच्या विक्रीवर देखरेख ठेवणारी केंद्रीय संस्था.

टेक्सासमध्ये नेमबाजीच्या मॅचला जाणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना मी हे इतक्या वेळा समजावलंय की आता लिहूनच ठेवते. एकाच मॉडेलची दोन पिस्तुलं घेणं यात काहीही वावगं नाही. एक मॅचचं आणि एक सुटं, कारण ऐन स्पर्धेत स्प्रिंग तुटली तर दिवस वाया जातो. वावगं असतं ते कागद चुकवायला तारखा मोजत बसणं.

तो कागद नेमका काय आहे ते आधी बघा. एकाच दुकानातून सलग पाच कामकाजाच्या दिवसांत एकाच माणसाने दोन किंवा अधिक हँडगन घेतल्या की 3310.4 नावाचा फॉर्म भरावा लागतो. तो दुकानदार भरतो, तुम्ही नाही. दुसरी हँडगन दिली त्याच दिवशी, दुकान बंद व्हायच्या आत. एक प्रत एटीएफकडे जाते, दुसरी राज्याच्या किंवा स्थानिक पोलिसांकडे. खरेदीदार कायद्याने अपात्र नसेल तर पोलिसांनी ती प्रत 20 दिवसांत नष्ट करायची आणि त्यातला मजकूर बाहेर सांगायचा नाही, हे कायद्यातच आहे. 'लायसन्स टू कॅरी', म्हणजे हँडगन जवळ बाळगण्याचा परवाना, असला तरी या फॉर्मातून सुटका नाही. त्या परवान्याने टेक्सासमध्ये खरेदीच्या वेळची एफबीआयची पार्श्वभूमी चौकशी टळते, हा फॉर्म टळत नाही.

आपलं नाव सरकारी यादीत अडकून राहील, ही भीती अगदीच निराधार नाही. त्या बंदुकीचा माग काढायची वेळ आली नसेल तर दोन वर्षांनी खरेदीदाराचं नाव काढून टाकायचं, असं एटीएफचंच धोरण आहे. पण 2016 मध्ये जीएओने, म्हणजे संसदेच्या लेखातपासणी कार्यालयाने, पाहिलं तेव्हा काही नावं मुदतीनंतरही तशीच होती. याचा राग येणं रास्त आहे. तो आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहून काढा, काउंटरवर क्लृप्त्या लढवून नको. आणि थांबून मिळतं काय? 4473 फॉर्म, म्हणजे खरेदीदाराने स्वतःची माहिती लिहून सही करायचा कागद, तर प्रत्येक खरेदीला भरावाच लागतो. पूर्वी तो 20 वर्षं ठेवायचे, 2022च्या नियमापासून दुकान चालू असेपर्यंत ठेवतात. दुकान बंद पडलं की सगळे गठ्ठे वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गच्या केंद्रात जातात. तुम्ही लपवलं काहीच नाही, फक्त दुकानदाराच्या मनात शंका पेरली. त्याला नुसता संशय आला तरी तो विक्री नाकारू शकतो, आणि माझ्या मते त्याने नाकारावीच.

दुसरी चूक याहून फार गंभीर आहे. आमच्या रेंजवरचा एक जण, चांगला नेमबाज, दोन पिस्तुलं घ्यायला गेला. सोबतीला मी होते. 4473 फॉर्मवर पहिल्या प्रश्नांतच विचारतात की खरा खरेदीदार तुम्हीच आहात का. त्याने झटकन 'हो' केलं. पैसे देताना सहज बोलून गेला, की यातलं एक साडूचं आहे, त्याने कालच पैसे पाठवलेत. दुकानदाराने दोन्ही डबे शांतपणे मागे ओढले आणि आज विक्री होणार नाही म्हणाला. आमचा गडी हुज्जत घालायला लागला, साडूकडे ग्रीन कार्ड आहे, त्याच्यावर साधी केससुद्धा नाही! मी त्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

साडू पात्र असण्याने काही फरक पडत नाही. अब्राम्स्की नावाच्या माजी पोलिसाने आपल्या काकासाठी ग्लॉक 19 घेतलं, काकाने 400 डॉलरचा चेक आधीच दिला होता. काका पूर्ण पात्र. तरी अब्राम्स्की दोषी ठरला आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते कायम ठेवलं. या फॉर्मवर खोटं लिहिलं तर 10 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ग्रीन कार्डवाल्याचं तर इथलं राहणंच धोक्यात येतं. स्वतःच्या पैशाने पात्र माणसाला खरीखुरी भेट देणं वेगळं, ते चालतं. पैसे दुसऱ्याचे असतील तर त्याला म्हणावं, बाबा रे, स्वतः ये आणि स्वतः सही कर.

एच-वन-बीवर असाल तर मुळात खरेदीला बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना यांसारखे मोजके अपवाद आहेत. त्यात बसता की नाही हे वकिलाला विचारा, मित्राला नाही.

घर बदललं आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर जुनाच पत्ता असेल तर आधी तो बदला. पोस्टाचा बॉक्स नंबर चालत नाही.

नावाचा घोळ हा खास आपल्या लोकांचा. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे, लायसन्सवर नुसतं आद्याक्षर, आणि फॉर्मवर काहीतरी तिसरंच. मी फोन पर्समध्ये टाकते, लायसन्स काउंटरवर ठेवते आणि अक्षर अक्षर बघून लिहिते. मधलं नाव नसेल तर रकाना रिकामा सोडायचा नाही, एनएमएन लिहायचं. गप्पा मारत पाच मिनिटांत फॉर्म उरकणारे नवशिके पाहिले की माझा जीव वरखाली होतो.

सोशल सिक्युरिटी नंबर देणं ऐच्छिक आहे. मी देते, कारण पाटील-जोशी आडनावांची माणसं काही थोडी नाहीत आणि दुसऱ्याच्या नावामुळे माझी चौकशी अडकलेली मला नको. दरवेळी अडकत असेल तर एफबीआयच्या 'व्हॉलंटरी अपील फाइल'साठी अर्ज करा. एक नंबर मिळतो, तो पुढच्या फॉर्मवर लिहायचा. मात्र त्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि ती माहिती त्यांच्याकडे राहते, हे कळून-सवरून करा. एरवी चौकशी मंजूर झाली की एफबीआय तुमची ओळख सांगणारी माहिती 24 तासांत पुसते.

आणि एवढ्या भीतीनंतर हीच माणसं घरी जाऊन दोन्ही पिस्तुलांचे फोटो, मागे घराचा नंबर दिसेल असे, दीडशे जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात! रिकामे डबे रीसायकलच्या पेटीत उघडे पडलेले असतात, सगळ्या गल्लीला दिसतील असे. मी डबे घरातच ठेवते. सीरियल नंबर, तारीख आणि पावती एका वहीत असते आणि ती वही तिजोरीत. ती कुठे आहे हे फक्त माझ्या नवऱ्याला ठाऊक आहे.