खापरपणजोबांच्या खतावर दामदुपट कशी मोजायची

आमच्या पारनेरच्या घरी जुन्या रुमालात मोडीतली दोन कर्जखतं निघाली. खाली खापरपणजोबांच्या नावापुढे सहीऐवजी 'निशाणी नांगर' आणि बोरूनं काढलेला एवढासा नांगर. तो पाहिल्यावर हिशेब मांडल्याशिवाय मला राहवेना. तुमच्याकडेही असं खत असेल तर आधी शक शोधा आणि त्यात ७८ मिळवा. तिथी माघ-फाल्गुनाची असेल तर ७९. आमचं पहिलं खत शके १७८२ च्या श्रावणातलं, म्हणजे १८६० चं.

मुद्दलाचा आकडा पुसट असेल तर पुढचं 'निमे' वाचा. रकमेत फेरफार होऊ नये म्हणून अर्धी रक्कमही लिहीत. आमच्या खतात निमे साडेसदतीस, म्हणजे मुद्दल ७५. व्याज दरमहा दरशेकडा दोन. मग खत उलटं करा, वसूल पाठीवर टिपलेला असतो. ही बाजू हमखास बघायची राहते.

आता दामदुपट, म्हणजे थकलेलं व्याज मुद्दलापुढे जाऊ न देणारा जुना हिंदू नियम. १८५५ च्या कायद्यानं व्याजदरावरचे निर्बंध उठले, तरी दामदुपट उठली नाही, असं मुंबई हायकोर्टानं १८६३ मध्ये धोंडू जगन्नाथ विरुद्ध नारायण रामचंद्र या दाव्यात ठरवलं. ऋणको हिंदू असेल तर एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागता येत नाही. दोन टक्क्यांनी पन्नास महिन्यांत व्याज मुद्दलाएवढं होतं. पण मोजायचं ते थकलेलं व्याज; आधी फेडलेलं त्यात धरू नका. दावा दाखल झाल्यावरच्या व्याजालाही ही मर्यादा नाही.

आमच्याकडे पाच वर्षांचं व्याज ९०, वसूल २०, थकले ७०. मर्यादेच्या आतच. आणि तेव्हाच सावकारानं १४५ चं नवं खत करून घेतलं! थकलेलं व्याज मुद्दलात गेलं, दामदुपट १४५ पासून नव्यानं सुरू. ७५ रुपयांचं देणं २९० पर्यंत नेण्याची वाट त्या एका कागदानं मोकळी केली. ते वाचताना माझा हात थांबला.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांकडची खतं का जाळली, ते यातून कळतं. त्यानंतर १८७९ चा शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला, आणि मुद्दलात घातलेलं व्याज वेगळं काढता येऊ लागलं. म्हणून खतावर दावा झाला असेल तर त्याचं साल आधी पाहा. ते १८७९ नंतरचं असेल, तर हिशेब १४५ पासून नको; पहिल्या खताचे ७५ आणि पाठीवरचे २० घेऊन बसा.