प्रकृतीनुसार आहार: एकाच स्वयंपाकातून प्रत्येकाचे ताट कसे वाढावे

प्रकृतीनुसार खायचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वात, पित्त आणि कफ असे तीन रकाने आणि त्यांखाली 'खावे' आणि 'खाऊ नये' अशा लांबलचक याद्या येतात. अशी यादी फ्रिजवर चिकटवली जाते आणि आठवडाभरात विसरली जाते, कारण ज्या घरात आजी वातप्रकृतीची, वडील पित्तप्रकृतीचे आणि मुलगी कफप्रकृतीची आहे, तिथे रोज तीन स्वयंपाक करणे कोणालाच शक्य नसते. आयुर्वेदाची तशी अपेक्षाही नाही. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथातील विमानस्थान या विभागात आहाराचा विचार आठ अंगांनी करावा असे सांगितले असून, पदार्थाचा मूळ स्वभाव हे त्यांतले केवळ एक अंग आहे. त्यावर केलेला संस्कार (शिजवणे, भाजणे, फोडणी देणे यांसारखी प्रक्रिया), इतर पदार्थांशी होणारा संयोग, मात्रा, देश, काल, जेवणाचे नियम आणि प्रत्यक्ष जेवणारी व्यक्ती ही उरलेली सात अंगे आहेत. घरात प्रकृतीनुसार आहार पाळायचा असेल, तर पदार्थ बदलण्याआधी संस्कार आणि मात्रा बदलून पाहणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

त्याआधी प्रकृती ओळखावी लागते, आणि घाई होते ती नेमकी इथेच. प्रकृती जन्मापासूनची मानली जाते. सध्या होणारा त्रास म्हणजे प्रकृती नव्हे. महिनाभर जागरणे करून आणि अवेळी खाऊन कोणालाही गॅस होतील, तेवढ्याने तो माणूस वातप्रकृतीचा ठरत नाही. म्हणून स्वतःला प्रश्न विचारताना 'आज कसे वाटते' असे न विचारता 'लहानपणापासून साधारण कसे होते' असे विचारावे, आणि शक्य असल्यास आईला किंवा थोरल्या भावंडाला विचारून पडताळून पाहावे. सडपातळ अंगकाठी, कोरडी त्वचा, थंडी न सोसणे, हलकी झोप, बद्धकोष्ठाकडे कल आणि एक दिवस सपाटून तर दुसऱ्या दिवशी नावालाच लागणारी भूक ही वाताची लक्षणे होत. मध्यम बांधा, उकाडा न सोसणे, भरपूर घाम, लवकर पिकणारे केस आणि जेवण अर्धा तास लांबले तरी चिडचिड होईल अशी भूक ही पित्ताची. भरदार बांधा, दाट केस, गाढ झोप, सावकाश हालचाल आणि एखादे जेवण चुकले तरी फारसे न बिघडणे ही कफाची. बहुतेक माणसांत वात, पित्त आणि कफ या तीन दोषांपैकी दोहोंचे मिश्रण आढळते, त्यामुळे एखाद्या चाचणीने 'तुम्ही शंभर टक्के पित्त' असा निकाल दिला, तर त्यावर फार विसंबू नये. ही सगळी वर्गवारी परंपरेची आहे, रक्ततपासणीसारखे निदान नव्हे, हेही लक्षात असू द्यावे.

प्रकृतीपेक्षाही रोजच्या ताटाशी जवळचा संबंध असतो तो अग्नीचा, म्हणजे पचनशक्तीचा. वातप्रकृतीत तो विषम, पित्तप्रकृतीत तीक्ष्ण आणि कफप्रकृतीत मंद असण्याकडे कल असतो. आधीचे जेवण पचले की नाही हे ओळखण्याच्या खुणा ग्रंथांत स्पष्ट दिल्या आहेत: शुद्ध ढेकर, अंगाला हलकेपणा, उत्साह, मलमूत्राचा नीट वेग आणि खरी भूक व तहान. या खुणा नसताना प्रकृतीला कितीही अनुकूल पदार्थ खाल्ला, तरी तो बाधतो. माझ्या मते नवशिक्याने पहिला आठवडा ताटात काहीही न बदलता केवळ भुकेची वेळ आणि जेवणानंतरचा जडपणा वहीत टिपण्यात घालवावा.

आता रसांचा, म्हणजे चवींचा, नियम. मधुर, आंबट आणि खारट हे तीन रस वात कमी करतात. तिखट, कडू आणि तुरट हे कफ कमी करतात. तुरट, कडू आणि मधुर हे पित्त कमी करतात. एवढा एक नियम पाठ असला की अर्ध्या याद्यांची गरज उरत नाही, मात्र त्याला अपवाद आहेत आणि ते उपयोगाचे आहेत. आंबट रस पित्त वाढवतो, पण आवळा आणि डाळिंब वाढवत नाहीत. मधुर रस कफ वाढवतो, पण जुने तांदूळ, जव, गहू, मूग आणि मध यांना त्यातून वगळले आहे.

मुगाचे वरण हे यासाठी सर्वांत सोयीचे उदाहरण आहे, कारण कडधान्यांत सर्वांत कमी वातूळ म्हणून मुगाचे नाव घेतले जाते. डाळ हळद आणि मीठ घालून एकाच पातेल्यात मऊ शिजवून घ्यावी आणि मग तिचे तीन भाग करावेत. वातप्रकृतीच्या भागाला तुपात जिरे, हिंग आणि थोडा लसूण यांची फोडणी द्यावी, वरण दाटसर ठेवावे, वाढताना लिंबू पिळावे आणि ते गरम असतानाच खावे. पित्तप्रकृतीच्या भागाला तुपातच, पण केवळ जिऱ्याची सौम्य फोडणी द्यावी, मिरची आणि लसूण टाळून धन्याची पूड, कोथिंबीर आणि ओले खोबरे घालावे. कफप्रकृतीच्या भागात गरम पाणी घालून तो कढणासारखा पातळ करावा, आले व मिरपूड सढळ हाताने घालावी आणि तूप नावापुरतेच ठेवावे. घरात सगळ्यांनाच कफाचा त्रास असेल, तर डाळ शिजवण्यापूर्वी कोरडी भाजून घ्यावी, म्हणजे ती आणखी हलकी होते, तांदळाचेही तसेच. या सगळ्यासाठी दोन छोट्या कढल्या आणि जास्तीची दहा मिनिटे पुरतात.

वातप्रकृतीच्या माणसाचे खरे शत्रू कोरडे, थंड आणि अर्धवट भरलेले ताट हे होत. चिवडा, कुरमुरे, टोस्ट आणि फरसाण यांवर दिवस काढणारा माणूस दुपारी व्यवस्थित जेवला तरी त्याचा कोरडेपणा भरून निघत नाही. पौष्टिक म्हणून सकाळी वाटीभर कच्चे मोड आलेले कडधान्य खाण्याची पद्धत आहे. ती वातप्रकृतीला सहसा मानवत नाही. तेच मोड वाफवून, तेलात हिंग-जिऱ्याची फोडणी देऊन खावेत. वाल, पावटे, हरभरा आणि वाटाणे कमी असावेत. भाकरी रूक्ष असते, म्हणून ती तूप किंवा लोणी लावूनच खावी. हिवाळ्यात बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा आणि तीळ घालण्याची आपल्याकडची रीत या दृष्टीने अगदी शास्त्रोक्त आहे. वातासाठी तेल, पित्तासाठी तूप आणि कफासाठी मध ही श्रेष्ठ द्रव्ये मानली आहेत.

पित्तप्रकृतीला काय खावे यापेक्षा केव्हा खावे हे अधिक महत्त्वाचे असते. उपाशीपोटी चहा, लांबलेले जेवण आणि मग भूक खवळल्यावर ठेचा, लोणचे किंवा तळलेले पदार्थ, या क्रमाने पित्त हमखास वाढते. दुधी, पडवळ, दोडका, कोहळा, दूध, तूप, मनुका आणि आवळा हे त्यांचे मित्र होत. इथे दह्याबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. दही थंड असते असे समजून ते उन्हाळ्यात वाटीने खाल्ले जाते. ग्रंथांत मात्र ते उष्ण, जड आणि पचल्यावर आंबट होणारे सांगितले आहे, आणि रात्री, तसेच वसंत, ग्रीष्म व शरद ऋतूंत ते टाळायला सांगितले आहे. ताकाचे गुण वात-कफ कमी करणारे म्हणून वर्णिले आहेत, त्यामुळे आंबट ताकाने पित्ताची जळजळ शमेल ही अपेक्षाही फोल ठरते. ताक प्यायचेच असेल, तर ते ताजे, गोडसर आणि थोडे असावे.

कफप्रकृतीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. भूक नसेल तर नाश्ता करू नये, धान्य वर्षभर जुने असावे, कुळथाचे पिठले, ज्वारी, जव, मेथी, कारले आणि शेवगा यांना ताटात जागा द्यावी आणि रात्रीचे शिकरण, श्रीखंड व दुपारची झोप सोडावी. मध घ्यायचा तो कोमट पाण्यातही न घेता साध्या पाण्यातून घ्यावा, कारण उष्णतेशी त्याचा संयोग निषिद्ध मानला आहे.

मात्रेविषयी अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथातला हिशेब सोपा आहे: पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक वाऱ्याच्या वावरासाठी मोकळा ठेवावा. ऋतूनुसार हे सगळे थोडे सरकते. पावसाळ्यात वात वाढतो, तेव्हा पित्तप्रकृतीच्या माणसानेही गरम आणि ताजे खावे; ऑक्टोबरच्या उन्हात, म्हणजे शरदात, पित्त वाढते, तेव्हा कफप्रकृतीच्या माणसानेही तिखटाचा हात आखडता घ्यावा; वसंतात कफ पातळ होतो, तेव्हा गोडधोड सर्वांनीच कमी करावे.

बदल एकदम करू नये. अंगवळणी पडलेली सवय अपथ्य असली तरी ती तुकड्यातुकड्याने सोडावी आणि तितक्याच प्रमाणात नवी धरावी, असे चरकसंहितेत सांगितले आहे. रोज चार कप चहा घेणाऱ्याने पहिले काही दिवस एक कप कमी करून त्या जागी धने-जिऱ्याचे पाणी घ्यावे, ते पचनी पडले की दुसरा कप सोडावा. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, रक्तदाबावरील औषधे किंवा गर्भारपण असेल, तर तूप, मीठ, मध आणि उपवास यांबाबतचा कोणताही बदल डॉक्टरांना आणि वैद्यांना विचारूनच करावा. सहा-आठ आठवड्यांत भूक सुधारली नाही किंवा वजन विनाकारण घटू लागले, तर प्रकृतीचा विचार बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी.