दोन पॉवर सप्लाय असूनही सर्व्हर का पडतो? या चुका टाळा

आधी रॅकच्या मागे जा आणि प्रत्येक सर्व्हरच्या दोन्ही वायरी हाताने धरून थेट डीबीपर्यंत (ब्रेकरच्या पेटीपर्यंत) जा. दोन्ही एकाच पीडीयूत (रॅकमधल्या सॉकेटच्या पट्टीत) घुसलेल्या असतात, किंवा पीडीयू दोन पण यूपीएस एकच, किंवा यूपीएसही दोन पण दोघांना एकच एमसीबी (ब्रेकर). शेवटचा प्रकार सहज नजरेतून सुटतो, कारण रॅकमध्ये सगळं नीटनेटकं दिसतं. लाल आणि काळ्या वायरी वापरा: लाल 'ए' फीड (पुरवठ्याची एक लाइन), काळी 'बी'. म्हणजे गफलत दुरूनही कळते.

दुसरी चूक जास्त महाग पडते. समजा, 16 अँपिअरच्या दोन पीडीयूंवर प्रत्येकी 12 अँपिअर लोड आहे. दोन्ही 75 टक्क्यांवर, म्हणून सगळे निश्चिंत. पण दोन सप्लायचा सर्व्हर सहसा लोड अर्धा-अर्धा वाटून घेतो. 'ए' गेला की 'बी'वर 24 अँपिअर येतात. एमसीबी तेवढ्यावर लगेच पडत नाही. तो काही मिनिटं तापतो आणि मग पडतो. त्या मधल्या वेळेमुळे दोष हमखास भलत्याच गोष्टीवर ढकलला जातो. म्हणून 'ए' आणि 'बी' यांची बेरीज एका पीडीयूच्या 80 टक्क्यांत, म्हणजे 12.8 अँपिअरच्या आत बसली पाहिजे. हीच बेरीज यूपीएसलाही लावा, आणि तिथे व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) या आकड्याबरोबर वॉटचा आकडाही बघा.

पैसे वाचवायला 'बी' फीड थेट मेन्सवर ठेवला असेल, तर व्होल्टेजचाही विचार करा. सर्व्हरला लागणारे वॉट तेवढेच राहतात, त्यामुळे व्होल्टेज उतरलं की अँपिअर चढतात: 230 व्होल्टला 12 असतील तर 200 व्होल्टला 13.8. त्यात मे महिन्यात आणि पावसाच्या तोंडावर गोव्यात विजा कडाडतात. डीबीत टाइप 2 एसपीडी (व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारं उपकरण) नसेल तर असा फीड धोक्याचाच. एसपीडी असेल तर त्याची खिडकी हिरवी आहे का, तेही बघा. लाल झालेला एसपीडी नुसता शोभेचा.

अर्थिंगबद्दल वेगळं सांगायला हवं. वेर्ण्याच्या पठारासारख्या जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल आटते आणि अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो. पावसाळ्यात घेतलेलं रीडिंग मे महिन्यात खरं राहत नाही, म्हणून मोजमाप उन्हाळ्यातच घ्या. लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज 2 च्या वर जात असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आता वीजबिलाकडे. 180 वॉट खाणाऱ्या सर्व्हरला 1100 वॉटचे दोन सप्लाय म्हणजे प्रत्येकावर 90 वॉट, जेमतेम 8 टक्के. 80 प्लस या एफिशियन्सीच्या प्रमाणपत्राचा गोल्ड शिक्का 20, 50 आणि 100 टक्के लोडवरची एफिशियन्सी सांगतो. 8 टक्क्यांबद्दल तो काहीच बोलत नाही, आणि तिथे एफिशियन्सी घसरते. त्याच्या वरच्या टायटॅनियम शिक्क्याची तपासणी मात्र 10 टक्क्यांवरही होते. लहान सप्लाय घ्या, किंवा सर्व्हरमध्ये हॉट स्पेअरची सोय असेल तर ती चालू करा, म्हणजे कमी लोडला एक सप्लाय जवळजवळ झोपून राहतो. वेगवेगळ्या वॉटचे सप्लाय एकाच सर्व्हरमध्ये कोंबू नका. मिसमॅचचा एरर येतो.

किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत प्लगच्या पिना काळवंडतात. ढिला, गरम लागणारा सी13 प्लग (वायरीचं सर्व्हरकडचं टोक) बदलाच. यूपीएसच्या बॅटऱ्या 25 अंशांच्या वर ठेवल्या तर दर 10 अंशांमागे आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून एसीसुद्धा जनरेटरवर हवा. एकच सप्लाय असलेल्या स्विच-फायरवॉलना रॅकमधला एटीएस (एक फीड गेला की आपोआप दुसऱ्यावर नेणारा स्विच) लावा. वीज परतल्यावर सगळे सर्व्हर एकदम उठून एमसीबी पाडत असतील तर बायोसमध्ये पॉवर रिकव्हरीला वेगवेगळा डिले द्या.

चाचणी चवथीच्या सुट्टीआधी घ्या, सुट्टीत नव्हे. बॅकअप झालेला असू द्या. दोन्ही पीडीयूंचे अँपिअर लिहून बेरीज तपासा, ती 12.8 च्या वर असेल तर तिथेच थांबा. प्रत्येक सप्लायचा दिवा हिरवा असेल तरच 'ए'चा ब्रेकर पाडा. निदान 15 मिनिटं थांबा, क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून अँपिअर मोजणारा) 'बी'वर ठेवा. मग 'ए' चालू करून सगळे दिवे पुन्हा हिरवे झाल्याची खात्री करा आणि त्यानंतरच 'बी' पाडा.